आग्वादचा दिवा आता कुणाला लागतो?

सिकेरीची_लेक
नमस्कार मंडळी. माझं माहेर सिकेरीला, आता राहते पणजीत. भावाची मासेमारीची होडी आहे. या चवथीला माहेरी गेले होते. जेवणं झाल्यावर अंगणात बसलो आणि नेहमीप्रमाणे आग्वाद किल्ल्याजवळच्या दीपगृहाचा झोत डोक्यावरून फिरायला लागला. मी सहज म्हटलं, "हा दिवा दिसला की घरी आल्यासारखं वाटतं." त्यावर भाचा म्हणाला, "आत्ते, उद्या तो बंद केला तरी कुणाला कळायचं नाही. आमच्या होडीवर पडद्यावर जागा दाखवणारा प्लॉटर आहे, मोबाइलात जीपीएस आहे. दिवा आता पर्यटकांसाठी."

मुलगा हुशार आहे, दर्यावर जातो, त्याला उगाच बोलले नाही. पण मनाला लागलं. आमचे बाबा याच दिव्यावर नजर ठेवून चाळीस वर्षं घरी परतले. म्हणून इथे विचारते. तुमच्यापैकी जे खरोखर समुद्रावर जातात किंवा गेलेले आहेत, त्यांनी सांगा: आज दीपगृहाचं काम काय? भाच्याचं म्हणणं बरोबर असेल तर तेही ऐकायची तयारी आहे.

खारे_वारे
प्लॉटर चालू आहे तोवर लागत नाही. बंद पडला की पहिली नजर तिकडेच जाते. मालिमच्या धक्क्यावर कुणालाही विचारा.

ब्रिजवरचा_वॉच
मी मालवाहू जहाजांवर सेकंड ऑफिसर आहे, मूळचा फोंड्याचा. सध्या सुट्टीवर, म्हणून सविस्तर लिहितो.

रात्री बारा ते चारचा वॉच, म्हणजे पहारा, माझा असतो. समोर दोन रडार, इलेक्ट्रॉनिक चार्ट (सागरी नकाशा), दोन जीपीएस. तरीही किनारा जवळ आला की मी दीपगृहाचं बेअरिंग, म्हणजे होकायंत्रावरची दिशा, घेतो, आणि आमच्या कप्तानालाही ते हवंच असतं. दोन दिव्यांची बेअरिंगं घेऊन रेषा छेदल्या की जहाज कुठे आहे ते कळतं. ती जागा आणि जीपीएसची जागा जुळली तर ठीक. जुळली नाही, तर दोन्हींपैकी एक खोटं बोलतंय, आणि कोण ते शोधेपर्यंत झोप नाही.

जीपीएस खोटं बोलू शकतं हे भाच्याला आवर्जून सांगा. उपग्रहाचा संकेत आपल्यापर्यंत येईतो फार क्षीण झालेला असतो, तो दाबून टाकणं किंवा त्याच्या जागी बनावट संकेत सोडणं अवघड नाही. गेल्या काही वर्षांत काळा समुद्र, तांबडा समुद्र, होर्मुझची सामुद्रधुनी या भागांत हे सर्रास चाललंय. एकदा आमचं जहाज किनाऱ्यापासून आत, चक्क जमिनीवर उभं असल्याचं पडदा दाखवत होता. खिडकीबाहेर चारी बाजूंना पाणी. अशा वेळी डोळ्यांनी दिसणारा दिवा किती मोलाचा वाटतो ते शब्दांत नाही सांगता येत.

दुसरं म्हणजे प्रत्येक दिव्याची चाल वेगळी असते. कुणी एकदा चमकतो आणि बराच वेळ गप्प, कुणी दोनदा किंवा तीनदा लागोपाठ चमकून थांबतो, कुठे उजेड जास्त वेळ आणि अंधार थोडा. ही चाल चार्टवर छापलेली असते. भारताचे चार्ट डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयातून निघतात. शेजारशेजारच्या दोन दिव्यांची चाल सारखी ठेवत नाहीत. त्यामुळे स्टॉपवॉच हातात घेऊन मोजलं की हा कुठला दिवा ते नक्की होतं.

गणितवेडी_म्हापसा
@ब्रिजवरचा_वॉच, दिवा किती लांबून दिसतो त्याचं काही सूत्र आहे ना? शाळेत मुलांना देता येईल.

ब्रिजवरचा_वॉच
आहे. दिव्याच्या उंचीचं वर्गमूळ आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीचं वर्गमूळ, दोन्ही मीटरमध्ये. त्यांची बेरीज गुणिले २.०८. उत्तर सागरी मैलांत.

हिशेबाला सोपा म्हणून दिवा समुद्रसपाटीपासून ८१ मीटर उंचीवर धरा. वर्गमूळ ९. ट्रॉलरवर उभ्या माणसाचा डोळा ४ मीटरवर धरा, वर्गमूळ २. बेरीज ११, गुणिले २.०८ म्हणजे जवळजवळ २३ सागरी मैल. एक सागरी मैल १,८५२ मीटरचा, तेव्हा साधारण ४२ किलोमीटर. लहान होडीत बसलेल्याचा डोळा पाण्यापासून मीटरभर वर असतो, त्याला तोच दिवा २१ मैलांच्या आत आल्यावर दिसेल. म्हणूनच दीपगृह डोंगराच्या टोकावर बांधतात. अर्थात दिव्यात तेवढी ताकद हवी आणि हवा स्वच्छ हवी.

याच्यावरून एक जुनी युक्ती सांगतो. आधी क्षितिजापलीकडे नुसती प्रभा दिसते, उजेडाचा हात फिरल्यासारखी. मग एका क्षणी प्रत्यक्ष दिवा डोकं वर काढतो. तेव्हा पटकन खाली वाकायचं. दिवा बुडाला, उभं राहिल्यावर परत दिसला, म्हणजे तो बरोबर क्षितिजावर आहे. उंची माहीत आहे, सूत्र माहीत आहे, अंतर मिळालं. वीज नाही, बॅटरी नाही, फक्त गुडघे हवेत.

गणितवेडी_म्हापसा
गुडघे हवेत! उद्याच्या तासाला हेच. शाळेच्या कुंपणाआड मुलांना उठबस करायला लावून मैदानापलीकडच्या माडाच्या शेंड्यावर करून बघते. मनापासून आभार.

सफरनामा_२२
आम्ही गेल्या वर्षी आग्वादला गेलो होतो. किल्ल्यातला तो गोल पांढरा मनोरा पाहिला, फोटो काढले. पण रात्री तिथे दिवा लागलेला दिसला नाही. बंद पडलाय का?

जुनी_पणजी
@सफरनामा_२२, तुम्ही पाहिलात तो जुना. बहुतेकांची हीच गफलत होते. किल्ला १६१२ चा. त्यातलं ते दीपगृह १८६४ चं, आणि ते १९७६ साली निवृत्त झालं. त्याच वर्षी जवळ उभारलेलं नवं दीपगृह कामाला लागलं, सिकेरीच्या ताईंच्या अंगणावरून फिरतो तो त्याचा झोत.

जागा मात्र पोर्तुगीजांनी फार विचार करून निवडलेली. आग्वाद हे नावच पाण्यावरून पडलंय. लांबच्या प्रवासाची गलबतं इथे गोड पाणी भरायची, किल्ल्यातली टाकी अजून आहे. मांडवीचं मुख इथेच, समोर काबोचं टोक, पलीकडे मुरगाव. नदीत शिरणाऱ्या प्रत्येकाला या टोकाला वळसा घालावाच लागतो.

अजून एक. पणजीच्या चर्चची मोठी घंटा आहे ना, ती जुन्या गोव्यातल्या सांत आगुस्तीनच्या ओस पडलेल्या वास्तूतली. १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढण्यापूर्वी ती काही वर्षं आग्वादला होती. पोर्तुगीजमध्ये दीपगृहाला फारोल म्हणतात, आमची आजी शेवटपर्यंत तोच शब्द वापरायची.

पेडण्याचा_पाऊस
थोडं विषयांतर, पण राहवत नाही. माझे आजोबा १९५५ च्या सत्याग्रहात पकडले गेले आणि आग्वादच्या तुरुंगात होते. तुरुंग खाली पाण्याजवळ, दीपगृह वर डोंगरावर. दिवा थेट दिसत नसे. पण पावसाळी रात्री ढग खाली उतरले की झोत त्यांच्यावरून सरकताना गजांतून दिसायचा, असं ते सांगत. झोप लागली नाही की ते दोन झोतांच्या मधे एक नाव घ्यायचे: आईचं, मग आजीचं, मग पाठच्या भावाचं, मग वाड्यावरच्या शेजाऱ्यांचं. आता तिथे संग्रहालय झालंय. मी गेलो तेव्हा कोठडीच्या खिडकीशी उभा राहून तीच नावं घेतली. दुपार होती, झोत नव्हताच.

सिकेरीची_लेक
@पेडण्याचा_पाऊस, वाचून डोळे भरले. विषयांतर बिलकूल नाही.

रोखठोक_मडगाव
भावना समजतात, पण विरोधी बाजू मांडतो. २००० च्या जूनमध्ये रिव्हर प्रिन्सेस कुठे रुतलं? कांदोळीच्या किनाऱ्यावर, या दीपगृहाच्या अगदी नजरेसमोर. पुढे दहा वर्षांहून जास्त काळ ते तिथे गंजत पडलं आणि किनाऱ्याची वाट लागली. २०१९ च्या ऑक्टोबरात नाफ्था भरलेलं नू शी नलिनी दोनापावलाजवळ खडकात अडकलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मग या दिव्याने वाचवलं कुणाला? आणि याचा खर्च कोण करतं?

ब्रिजवरचा_वॉच
@रोखठोक_मडगाव, दोन्ही उदाहरणं खरी आहेत, पण तो दोष दिव्याच्या माथी नको. रिव्हर प्रिन्सेस नांगरावर उभं होतं आणि पावसाळी वादळात किनाऱ्यावर फेकलं गेलं. नू शी नलिनीवर तर माणूसच नव्हता, ते वाहत आलं. आपण कुठे आहोत हे या जहाजांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांना धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं. दीपगृह जागा सांगतं, नांगर धरायचं काम त्याचं नाही.

वाचलेल्या जहाजांची बातमी होत नाही. नीट वळसा घालून बंदरात शिरलेलं जहाज कुठल्या वर्तमानपत्रात येतं?

खर्चाचं म्हणाल तर बंदरात येणारी जहाजं त्यासाठी शुल्क भरतात. पूर्वी त्याला दीपशुल्क म्हणत. १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये सागरी दिशादर्शक साधनांचा नवा कायदा आला. त्यात दिव्याबरोबर बोया (पाण्यात तरंगणारी खूण), रडार-बीकन म्हणजे रेकॉन, जहाजांच्या ओळखीची एआयएस यंत्रणा असं सगळं एका छत्राखाली आलं. हेही लक्षात घ्या की आजचं दीपगृह म्हणजे नुसता दिवा नाही. किनाऱ्यावरच्या दीपगृहांमध्येच एआयएसची केंद्रं बसवलेली आहेत, त्यावरून कुठलं जहाज कुठे चाललंय ते किनाऱ्यावर कळतं. काही ठिकाणी रेकॉन असतो. जहाजाच्या रडारची लहर त्यावर पडली की तो उत्तर देतो आणि आमच्या पडद्यावर त्या दिशेला मोर्सचं एक अक्षर उमटतं. धुक्यात, मुसळधार पावसात दिवा दिसत नाही तेव्हा हे अक्षर दिसतं.

रोखठोक_मडगाव
शुल्क जहाजंच भरतात हे माहीत नव्हतं. तो मुद्दा मागे घेतो. वाचलेल्या जहाजांचंही पटलं.

भिंगाची_पोर
मी या धाग्याची वाटच पाहत होते! माझे वडील दीपगृहात नोकरीला होते. आता ते नाहीत. कोकणातल्या एका दीपगृहाच्या वसाहतीत माझं लहानपण गेलं, निवृत्तीनंतर आम्ही गोव्यात आलो.

दिव्याच्या खोलीत शिरायचं तर चपला बाहेर, हात धुऊन पुसलेले. मधोमध भिंग, माझ्याहून उंच. एक सलग काच नसते ती. कांद्याच्या पाकळ्यांसारखी काचेची कडी एकाभोवती एक बसवलेली. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८२० च्या दशकात हे शोधलं. साधं जाड भिंग केलं असतं तर प्रचंड वजन झालं असतं आणि अर्धा उजेड काचेतच मुरला असता. या कड्या दिव्याचा चहूकडे पसरणारा उजेड गोळा करून आडव्या झोतात पाठवतात. मधला दिवा स्थिर, फिरायचं ते भिंग. टनावारी वजनाचं भिंग पाऱ्याच्या थाळीवर तरंगत असायचं. बाबा मला उचलून धरायचे आणि मी एका बोटाने ते ढकलायचे. हलायचं!

दर सकाळी बाबा मऊ कातड्याने एकेक कडी पुसायचे. समुद्राचं खारं दव रात्रभर काचांवर बसतं, वरवर पुसलं तर फराटे उमटतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उजाडल्यावर खिडक्यांचे पडदे ओढणं. का, माहीत आहे? दिवसा सूर्य उलट बाजूने त्याच भिंगातून आत शिरतो आणि किरण मधे एकवटतात. पडदा विसरला तर आत आग लागू शकते. एके सकाळी आईला ताप होता, बाबा घाईने खाली आले आणि अर्ध्या जिन्यावरून परत वर पळाले, फक्त पडद्यासाठी. मी पायरीवर बसून त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत होते, तो अजून कानात आहे.

आता बऱ्याच ठिकाणी एलईडी आले. प्रकाश मोजणाऱ्या सेलमुळे अंधार पडला की आपोआप लागतात, एक बिघडला तर दुसरा सुरू होतो. सोय चांगली आहे, मला त्याचं दुःख नाही. मोठी भिंगं मात्र मोडीत जाऊ नयेत, जपावीत, एवढंच मागणं आहे.

जुनी_पणजी
@भिंगाची_पोर, नव्या कायद्यात वारसा दीपगृहांची तरतूद आहे, तेव्हा आशा आहे. २०२३ च्या सप्टेंबरात पहिला भारतीय दीपगृह महोत्सव आग्वादलाच झाला होता. तुमच्यासारख्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित व्हायला हव्यात. खरंच लिहा, वेगळा धागा काढा.

शापोऱ्याचा_रापणकार
मी रोज पाण्यात असतो म्हणून बोलतो. भाच्याचंही चुकलेलं नाही. मासे कुठे पडले, जाळं कुठे टाकलं, ते प्लॉटरच सांगतो. दिवा ते सांगणार नाही. आणि मांडवीच्या मुखावरची रेतीची पट्टी दर पावसाळ्यात जागा बदलते, त्या आग्वाद बारला ना जुना नकाशा कामाचा ना दीपगृह. तिथे बोये आणि फुटणारी लाट बघायची. समुद्रातून आत शिरताना तांबडा बोया डावीकडे, हिरवा उजवीकडे. खनिजाच्या बार्जी पावसाळ्यात तो बार टाळून कुंभारजुव्याच्या कालव्यातून मुरगावला जायच्या, ते उगाच नाही.

पण माझी तक्रार वेगळीच आहे. दिवा आहे, आम्हाला तो दिसायला नको? दहा-पंधरा वर्षांपूर्वी कळंगुट-कांदोळीचा किनारा रात्री काळोखा असायचा आणि आग्वादचा दिवा एकटा उठून दिसायचा. आता सगळा किनारा पेटलेला. शॅकचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळींचे, फ्लडलाइट थेट समुद्राकडे तोंड करून, लग्नांचे लेझर, नदीत कॅसिनोंची रोषणाई. त्या झगमगाटात बोयाचा लहान तांबडा दिवा शोधायचा म्हणजे जत्रेतली पणती शोधणं. दोन वर्षांपूर्वी पहाटे परतताना किनाऱ्यावरच्या एका दारूच्या बारच्या पाटीचा लुकलुकणारा तांबडा दिवा मी बोयाचा समजलो. होडीतला म्हातारा तांडेल ओरडला, "तो न्हय मरे, दिवो पळय वयर!" मी वर आग्वादकडे पाहिलं आणि सुकाणू फिरवलं. खाली उथळ पाणी होतं, मोटरीच्या पंख्याने रेती उडवली. तेवढ्यावर निभावलं.

किनाऱ्यावरचा_शॅक
मी शॅक चालवतो. @शापोऱ्याचा_रापणकार, हे वाचून धक्का बसला. लाटांवर उजेड पडला की गिऱ्हाइकांना आवडतं म्हणून आम्ही दिवे समुद्राकडे वळवतो. कुणी त्यात फसत असेल हे डोक्यातच आलं नाही. यंदा दिवे लावताना खाली वळवीन, वर झाकण घालीन. शेजारच्यांशीही बोलतो.

शापोऱ्याचा_रापणकार
देव बरें करूं. एवढंच हवं होतं. लुकलुकणारे तांबडे-हिरवे मात्र अजिबात नकोत, साधे पांढरे चालतील.

कायद्याचं_बोला
पूरक माहिती: २०२१ च्या त्याच कायद्यात दिशादर्शक साधनाच्या कामात मुद्दाम अडथळा आणणं किंवा त्याची परिणामकारकता कमी करणं हा गुन्हा आहे. शॅकवाल्यांनी अजाणता केलं ती गोष्ट निराळी. तरी पंचायतीने परवानगी देताना दिव्यांचं तोंड कुठे असावं ही अट घातली तर भांडणाची वेळच येणार नाही. ग्रामसभेत मांडायला चांगला विषय.

खारे_वारे
आमच्या ग्रामसभेत मी मांडतो. मसुदा कुणी लिहून देईल का?

कायद्याचं_बोला
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, लिहून देतो.

सिकेरीची_लेक
तीन आठवड्यांनी परत आले, उशीर झाला त्याबद्दल माफी. हा सगळा धागा भाच्याला वाचायला दिला. तो काही बोलला नाही. मग परवा भाऊ म्हणाला, संध्याकाळी होडी घेऊन थोडं बाहेर जातोय, येतेस? बाबा गेल्यापासून मी होडीत पाय ठेवला नव्हता. गेले.

काळोख पडल्यावर भाच्याने आपणहून प्लॉटरवर टॉवेल टाकला. म्हणाला, "आत्ते, मोज." किनाऱ्यावर दिव्यांची गर्दी, त्यात नजर ठरेना. मग डोंगराचं टोक सापडलं आणि वर तो. मी मोबाइलचं घड्याळ धरलं, एका चमकेपासून दुसऱ्या चमकेपर्यंत. पाच वेळा मोजलं, पाचही वेळा तेच सेकंद. त्याने बॅटरीच्या उजेडात चार्टची घडी उघडली, बोटाने आग्वाद शोधलं, बारीक अक्षरं वाचली. आकडा जुळला. मग लाटेवर डुलणाऱ्या होडीत हा पोरगा खाली बसतोय, उठतोय, परत बसतोय! दिवा काही बुडेना. भाऊ म्हणाला, "अरे, आपण इतके जवळ आहोत, बुडेल कसा? त्याला वीस मैल बाहेर जायला हवं."

भाचा म्हणतो, पुढच्या खेपेला लांब जाऊ तेव्हा करून बघतो.

ब्रिजवरचा_वॉच
त्याला सांगा, काठाला धरून उठबस कर. आणि ज्या क्षणी दिवा बुडेल त्या क्षणी टॉवेल काढून प्लॉटरवरचं अंतर बघ. किती फरक पडला ते इथे कळवा. मी पुढच्या महिन्यात जहाजावर जातोय, पण नेट मिळालं की वाचीन.